वाकड्या पानाच्या फेण्या

जगातली सगळ्यात सुरेख छपाई वाफेवर होते. हे मी सांगतोय. शहापूरच्या बाजारात अर्धं आयुष्य मी लग्नपत्रिका, मसाल्याच्या पुड्यांची लेबलं, दुकानांच्या पाट्या आणि अलीकडे वाढदिवसाचे फ्लेक्स करण्यात घालवलंय. तेव्हा साक्षीदार धंद्यातला आहे, एवढं कोर्टानं लक्षात घ्यावं.

तर छपाई अशी. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून सरसरीत पीठ करायचं. मीठ, जिरं, चिमूटभर खसखस. पळसाचं पान धुऊन पुसून त्याला तेलाचं बोट लावायचं आणि त्यावर पीठ पातळ पसरायचं. चुलीवर पातेल्यात पाणी खळखळत असतं, तोंडाला फडकं ताणून बांधलेलं. पान त्या फडक्यावर ठेवायचं, वर ताट झाकायचं आणि वीसपर्यंत आकडे म्हणायचे. ताट उचललं की वाफेचा ढग तोंडावर येतो. चष्मेवाला असेल तर दोन मिनिटं आंधळा. मग टोकाला धरून फेणी सोलायची आणि उजेडापुढे धरायची. मधली शीर, तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा, त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या रेघा, सगळं उमटलेलं. शाई नाही, ठसा नाही, मशीन नाही. पानानं स्वतःची प्रत काढून दिलेली. वाळली की फेणी काचेसारखी होते, तळली की दुप्पट फुलते, आणि फुलली तरी नक्षी जात नाही. माझ्या दुकानातल्या कुठल्याही छपाईला एवढं जमलेलं नाही.

ही छपाई मी आमच्या गावी, शेणव्याला शिकलो, म्हणजे बघायला शिकलो. चैत्र सरत आला की आई अंगणात चूल मांडायची. उकडलेल्या पळसाच्या पानाला एक वास असतो. ओली पाटी, चिंचेचा पाला आणि नुकतीच धुतलेली म्हैस, असा तिन्ही मिळून. त्या वासात मी आणि माझी थोरली बहीण खाटेखाली पडलेले असायचो. खाटेवर जुनं लुगडं, लुगड्यावर फेण्या, फेण्यांवर कावळ्यांचा डोळा आणि कावळ्यांवर आमचा. खालून बघितलं की लुगड्यातून ऊन गाळून यायचं आणि प्रत्येक फेणीची सावली वेगळी दिसायची. बहिणीला मी बाय म्हणायचो. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी तिला माझ्याआधी दिसायच्या, हा तिचा मोठा दोष.

कारण आमचा एक खेळ होता. टिपायचा खेळ. कुठं काही देखणं दिसलं की कपाळाला अंगठा लावून "टिपलं!" असं ओरडायचं. जो आधी ओरडेल, ती नक्षी त्याची. कायमची. त्यावर दुसऱ्यानं हक्क सांगायचा नाही. अशा तऱ्हेनं बायच्या मालकीचं काय काय झालं होतं म्हणून सांगू! भाकरीच्या पाठीवरचे करपलेले डाग. कापलेल्या भेंडीचा पाच पाकळ्यांचा शिक्का. अंगण सारवताना आईच्या बोटांनी उठलेल्या अर्धगोल लाटा. कणगीच्या पोटावरचा हाताचा पंजा. बैलाच्या शिंगांना लावलेला हिंगूळ आणि त्याच्या कडेनं बेगडाची पट्टी. एसटीच्या तिकिटाला कंडक्टरनं पाडलेली भोकं. सोललेल्या वालाचा तो फिका पोपटी रंग, ज्याला अजून कुठल्या रंगाच्या डबीवर नाव नाही. आणि माझ्या मालकीचं? चॉकलेटचे चमकते कागद, एक काडेपेटी, आणि मास्तरांच्या डोक्यावरचं टक्कल. टकलावर बायनं आक्षेप घेतला होता. पण मी ते उन्हात चमकताना टिपलं होतं, तेव्हा निकाल माझ्या बाजूनं लागला.

पावसात नक्षी जास्त मिळायची. कुर्डूच्या भाजीवर थेंब बसायचे. भाताच्या रोपांच्या जुड्या बांधावर ठेवलेल्या असायच्या आणि त्यांची मुळं एकात एक गुंतून पांढरी जाळी व्हायची. हिवाळ्यात खळ्यावरच्या पेंढ्याची वेणी, शेकोटीच्या राखेवर रात्री पडलेल्या दवाची खडी. उन्हाळा मात्र फेण्यांचा.

इथं पळसाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. पळसाला पानं तीन, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ती तीनही सारखी नसतात, हे म्हणीत कुणी घातलं नाही. एका देठावर तीन पानं येतात. मधलं सरळ, दोन्ही बाजूंनी सारखं, शाळेतल्या हुशार पोरासारखं. बाजूची दोन वाकडी. डाव्याचं पोट डावीकडे सुटलेलं, उजव्याचं उजवीकडे. आईचा नियम साधा होता. मधल्या पानाच्या फेण्या डब्यात, पाहुण्यांसाठी. वाकड्या पानाच्या घरात, आपल्याला. पाहुणा आला की सरळ फेणी तळायची. पाहुणा गेला की आम्ही वाकडी खायचो. चवीत तसूभर फरक नव्हता.

बायचं लग्न मुरबाडच्या पलीकडे, माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्यात झालं. मी शहापुरात दुकान टाकलं. मग दर वैशाखात तिच्याकडून डबा यायचा. सगळ्या फेण्या सरळ, निवडून घेतल्यासारख्या. मी त्या गिऱ्हाइकांना उजेडापुढे धरून दाखवायचो, "बघा, माझ्या बहिणीचा छापखाना!" लोक वा वा म्हणायचे. मग मी तळून खायचो आणि डबा परत पाठवायचो. पंचवीसएक वर्षं हे असं चाललं.

मागच्या भाद्रपदात बाय गेली. कशानं, ते इथं लिहीत नाही. ते कागद दाजींकडे पिशवीत आहेत.

त्यानंतर काय झालं ते सांगायला सोपं आहे, कारण काहीच झालं नाही. मी रडलो नाही, आजारी पडलो नाही, दुकान बंद ठेवलं नाही. चहाच्या टपरीवर माझे किस्से चालू राहिले. मी बोलतो, लोक हसतात आणि मी त्यांचे दात मोजतो. फक्त डोळ्यांचं काहीतरी झालं. दिसतं सगळं. भेंडी चिरताना बायको पुढ्यात बसलेली असते, शिक्के दिसतात, पाच पाकळ्या दिसतात. पण अंगठा कपाळाकडे जात नाही. दुकानात पत्रिकेसाठी गिऱ्हाईक म्हणतं, "काहीतरी वेगळं करा ना", आणि मी दहा वर्षांपूर्वीचा मोर काढून त्याला देतो. तोही खूश, मीही मोकळा. कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली भांडत पण नाय." त्यावर मी भांडायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं."

चैत्रात भाचीचा फोन आला. प्राजू. बायची एकुलती एक. कल्याणच्या दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न वैशाखात ठरलेलं.

"मामा, रुखवताच्या फेण्या सोमवारी घालतोय. हौसाकाकीनं तांदूळ भिजवले. पानं तू आणायची, माहितीये ना?"

माहीत होतं. आमच्यात भाचीच्या रुखवतात फेण्या मांडतात आणि त्यांची पानं मामाच्या दारची लागतात. बाकी सगळं सासरमाहेरचं कुणीही करो, पान मामाचं. ते मामानं स्वतःच्या हातानं तोडायचं, नोकराकडून नाही, बाजारातून नाही.

"आईच्या फेण्यांसारख्याच पाहिजेत हां," प्राजू म्हणाली. "बाकी रुखवतात काय मांडायचं ते मांडा. मला तेवढंच पाहिजे तिचं."

"तू काळजी करू नको गो," मी म्हटलं. "तुझा मामा धंद्यातला आहे."

रविवारी शेणव्याला गेलो. घर आता चुलतभाऊ बाळू सांभाळतो. परसातला पळस उभा होता. नवी पानं नुकतीच जून व्हायला लागलेली, हाताला चामड्यासारखी. मी शिडी लावून चढलो आणि देठच्या देठ खाली टाकले. मग सावलीत बसून काम केलं. धंदेवाईक काम. प्रत्येक देठावरचं मधलं पान तोडून घेतलं, मापानं लावलं, लहानमोठी वेगळी केली, डाग पडलेली काढली. रुखवत म्हणजे दाखवायची गोष्ट. दाखवायचं म्हणजे सरळ. दीडशे पानं झाली. ओल्या फडक्यात गुंडाळली. बाजूची तीनशे वाकडी पानं तिथंच ढिगानं टाकली आणि बाळूला म्हटलं, "हे झाडून घे रे."

तेवढा वेळ बसून माझ्या मनात काय आलं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. माप आलं.

सोमवारी सकाळी किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याला पोचलो. अंगणात मांडव नव्हता, पण चूल मांडलेली, पातेलं चढलेलं, खाटेवर लुगडं अंथरलेलं. शेजारची हौसाकाकी पदर खोचून पिठाच्या तपेल्यापुढे बसली होती. तिचं वय कुणाला माहीत नाही, तिला तर नाहीच. मी पाट्या रंगवायचो त्या काळापासून ती मला पेंटर म्हणते.

"आलास का पेंटर? दे बघू पानं. पीठ झालाय कवाचा."

मी फडकं सोडलं. खरं सांगतो, थोडा आव आणूनच सोडलं. दीडशे पानं, एकावर एक, कडा जुळलेल्या. प्राजू ओटीवरून खाली आली. तिनं गठ्ठा उलटापालटा केला. परत केला.

"मामा, बाकीची कुठायत?"

"बाकीची कुठली?"

"वाकडी."

"ती टाकली. रुखवताला कशाला वाकडी?"

पातेल्याचं पाणी तेवढं बोलत होतं. प्राजू आत गेली आणि हातात मोबाईल घेऊन आली. त्यात फोटो होता, ह्याच अंगणातला, ह्याच खाटेवरचा. लुगड्यावर फेण्या वाळत घातलेल्या, सगळ्या वाकड्या. पण जोडीनं. डावीला लागून उजवी, पोटं बाहेर आणि सरळ कडा आत, मध्ये बोटभर फट. चाळीसपन्नास जोड्या. लांबून बघितलं तर अंगणात फुलपाखरं बसली असावीत. कडेला बायचा पाय आलेला होता, टाचेला राख.

"आई अशाच करायची," प्राजू म्हणाली. "आमच्याकडं सरळ करतच नाय कोणी. सरळ तेवढ्या तुझ्या डब्यापुरत्या करायची."

हौसाकाकीनं कपाळाला हात लावला. "एका देठाला तीन पानं. दोन टाकलीस नि एक आनलीस? बाजारात गेलास नि नुसती पिशवी घेऊन आलास रे!"

बायका हसल्या. प्राजू हसली नाही. ती नर्स आहे, तिला रडू आवरता येतं. पण फोन खिशात टाकताना दोनदा चुकला.

मी म्हटलं, "पान उभं कापू मधोमध. दोन भाग होतात, डावा नि उजवा."

"कापलेला पान लग्नाला?" काकी म्हणाली. "तुज्या डोक्यावर कात्री फिरवीन."

"इथल्या पळसाची आणतो. समोर तर आहे झाड."

"मामाच्या दारची पाहिजेत," प्राजू म्हणाली. एवढंच. तिनं आवाज चढवला असता तर मला बरं झालं असतं.

मी बाळूला फोन लावला. ढीग आहे का रे तिथंच? बाळू म्हणाला, "झाडून घे बोललास ना? गोठ्यात पसरला म्हशीखाली. मस्त बसलीय म्हस."

दाजी इतका वेळ ओटीच्या कडेला सुतळी वळत बसले होते. बायच्या नवऱ्याला मी पंचवीस वर्षांत पंचवीस वाक्यं बोलताना ऐकलेलं नाही. ते उठले, मोटरसायकल काढली आणि म्हणाले, "बस मागं."

"पीठ दुपारच्या पुढं थांबायचा नाय!" काकी मागून ओरडली. "आंबट झाला तर पेंटरच्या नावानं मुलीला सासरी ऐकाया लागल!"

टोकावडे मागं पडेपर्यंत दाजी बोलले नाहीत. मीच बोलत होतो. म्हशीवर एक विनोद केला, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर एक केला. मग वारा तोंडात जायला लागला म्हणून गप्प झालो. तेव्हा ते, मान न वळवता, बोलायला लागले.

"तिनं पयल्या वर्षी तुला वाकडीच पाठवलेली. जोड्या. आठवतो का?"

"नाही."

"पाठवली नाय, घेऊनच आलेलो आमी. दुकानात तुझे चार दोस्त बसलेले. तू डबा उघडला नि एक फेणी वर धरून नक्कल केलीस. कागद तिरका गेला, छपाई बिघडली, माल परत करा, वैशाखऱ्याच्या छापखान्याला सांगा परत छापून द्या. सगळे हसले."

"बाय होती तिथं?"

"मागं उभी होती ना. ती पन हसली." गाडीनं एक वळण घेतलं. "घरी आल्यावर बोलली, माझा भाव चित्रातला माणूस हाय, त्याला सरळ देत जाऊ. तवापासून तुझा डबा येगळा."

मला ती नक्कल आठवली नाही. अजूनही आठवत नाही. खरं तेच लिहायचं तर, अशा नकला मी दिवसाला चार करतो. कुठली कुणाला लागली याचा हिशोब कुठे असतो? मी आठवायचा प्रयत्न केला. डबा आठवला, दुकानातला लाकडी बाक आठवला, एका मित्राचा सोन्याचा दात आठवला. बायचा चेहरा आठवेना. ती मागं उभी होती, म्हणजे मी वळून बघितलंच नसणार.

काही तरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. दोन्ही बाजूंनी भाजलेली शेतं जात होती, राबाच्या राखेचा वास येत होता, आणि माझ्या आत दुकानाचं शटर खाली असावं तसं होतं. बाहेरून कुणी वाजवत होतं, एवढं कळत होतं.

वळून बघितलं तर एवढंच: पंचवीस वर्षं मी माझ्या बहिणीच्या घरी पाहुणा होतो, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी डबा रिकामा करून परत पाठवत होतो.

शेणव्याला बाळूनं शिडी धरली, दाजी खाली उभे राहिले. ह्या वेळी मी देठ मोडले नाहीत. काकीनं निघताना बजावलं होतं, "एका देठाची दोन एका जागी ऱ्हायली पाहिजेत. जोडी मोडायची नाय." म्हणून एकेक देठ हातात घेऊन मधलं पान तेवढं खुडायचं आणि बाजूची दोन देठासकट ठेवायची. सावकाश काम. घाई केली की देठ फाटतो. पन्नास देठ हवे होते, मी सत्तर काढले. प्रत्येक वेळी ती दोन पानं माझ्याकडे तोंड करून उघडायची, पाणी प्यायला ओंजळ पुढे करावी तशी. एकाही देठाची दोन पानं सारखी नव्हती. एक थोडं मोठं, एक थोडं आखूड, पण एकमेकांना सांभाळून. हे डिझाइन चांगलं आहे, हे मला कळलं. धंद्यातला माणूस आहे, कळणारच. बरोबरीनं तोललेलं आणि तरी एकसारखं नाही, हे कागदावर आणायला मला आठवडा लागला असता. कळलं, एवढंच झालं. डॉक्टरांनी ताप नाही म्हणावं तसं.

बाळू शिडीखालून म्हणाला, "काय रे, झाडावर झोपलास काय?"

दुपारी दीडच्या सुमाराला परत पोचलो. अंगणात दोन चुली झाल्या होत्या. एकीवर काकीनं माझ्या सरळ पानांच्या फेण्या सुरू केल्या होत्या. "आनलीच हायत तर टाकायची कशाला?" दुसऱ्या चुलीवरचं पातेलं आमच्यासाठी थांबलेलं. काकीनं बोट बुडवून पीठ चाटलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. प्राजूही.

"हाय अजून," ती म्हणाली. "चला गो, हात चालवा. पेंटर, तू आकडे म्हन. नकला नाय करायच्या, नुसते आकडे."

मी चुलीपाशी बसून आकडे म्हटले. एक ते वीस, परत एक ते वीस. देठासकट जोडी फडक्यावर जायची, ताट पडायचं, ताट उठायचं. वाफेचा ढग यायचा आणि माझा चष्मा जायचा. त्या पांढऱ्या अंधारात ओल्या पाटीचा, चिंचेच्या पाल्याचा, म्हशीचा वास. मी आकडे चुकलो नाही. प्राजू सोलत होती. तिचे हात सवयीचे आहेत, जखमेवरची पट्टी काढतात त्या हातांनी ती फेणी काढायची, एका दमात, न फाडता. पहिली जोडी लुगड्यावर ठेवून ती मागं सरली आणि मान वाकडी करून बघत राहिली. मग बोटभर फट होती ती तिनं अर्धं बोट केली.

"आता?" तिनं काकीला विचारलं.

"आता तुज्या आयची झाली," काकी म्हणाली, आणि लगेच माझ्यावर ओरडली, "वीस झाले का नाय? का झोपलास आकड्यात?"

उरलेली ओली फेणी तेल लावून खायची पद्धत आहे. फाटक्या निघालेल्या एका ताटलीत ठेवल्या होत्या. मीही खाल्ली. मऊ, कोमट, खारट. वाकड्याची चव वेगळी लागते का ते बघत होतो. नाही लागत.

दोन दिवस ऊन चांगलं पडलं. मी तिथंच राहिलो, दुकान बंद ठेवून. खाटेखाली मावत नाही आता, म्हणून ओटीवर बसून कावळे हाकले. दाजी शेजारी सुतळी वळत बसायचे. आम्ही बायबद्दल बोललो नाही. एकदा ते म्हणाले, "गाडीची बॅटरी गेलीय." एकदा मी म्हटलं, "आंबा लागलाय यंदा चांगला." दुपारी लुगड्यावरच्या फेण्या कडेनं उचलायला लागायच्या आणि बारीक टिकटिक आवाज यायचा, सगळीकडून, जोड्याजोड्यांतून. बायका येऊन बघून जायच्या. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि प्राजूला म्हणाली, "तुजी आय बसलेली असंच वाटतं गो." प्राजू म्हणाली, "हो ना," आणि कोरडं फडकं आणायला आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. रुखवताच्या पन्नास जोड्या परातीत भरून कपाटावर गेल्या होत्या. वरच्या पंधरासोळा घरातल्या पत्र्याच्या डब्यात. मी चप्पल घालत होतो तेव्हा प्राजू स्टीलचा डबा घेऊन आली.

"मामा, हा तुझा. सगळ्या सरळ. काकीनं निवडून भरल्यात, एक पण तुटकी नाय."

मी झाकण उघडलं. कडेला कडा जुळवून लावलेल्या शंभरावर फेण्या, एकीवर एक, पाहुण्यासाठी भरतात तशा. कुणी चुकूनसुद्धा माझा मान कमी केला नव्हता. बायनं जसा डबा वेगळा ठेवला, तसा लेकीनंही ठेवला होता. ह्या घरात आता माझा डबा असाच राहणार, मी म्हातारा होईपर्यंत.

मी झाकण लावलं आणि डबा ओटीवर ठेवला.

"मला वाकडी दे गो," मी म्हटलं.

"वाकडी घरातली रे. जोड्या हायेत."

"म्हणूनच."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी काहीतरी विनोद करीन म्हणून थांबली असेल. आतून हौसाकाकी म्हणाली, "काय झाला गो? कमी भरल्या काय?" मला विनोद सुचला होता. दोन सुचले होते. मी तोंड बंद ठेवलं. तेवढंच मला जमलं.

प्राजू आत गेली. पत्र्याच्या डब्याचं घट्ट झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन तळहातांवर दोन फेण्या होत्या, एका देठाच्या.

"जोडी नाय देत," ती म्हणाली. "एक इथं ऱ्हाईल. एक तू ने."

"आगो, जोडी मोडू नये!" काकी दारात आली होती.

"मामाकडंच जातेय ना," प्राजू म्हणाली. "कुठं लांब नाय जात." तिनं दोन्ही तळहात माझ्यापुढे उजेडात धरले. शिरा लख्ख दिसत होत्या. "कुठची नेतो? डावी का उजवी?"

मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग एका फेणीकडे बघितलं, मग दुसरीकडे. डावी थोडी मोठी होती. उजवीची एक शीर टोकाजवळ दुभंगून परत जुळली होती. परत डावीकडे बघितलं. बराच वेळ लागला. प्राजूनं हात हलवले नाहीत.